आढाव्यांच्याही वह्या उघडा

डोंबिवली पूर्वेला माझं औषधांचं दुकान आहे. या धंद्यात कागदाशिवाय पान हलत नाही. पट्टीवरचा बॅच नंबर माझ्या खरेदीच्या बिलावर हवा आणि गिऱ्हाइकाच्या बिलावरही. शेड्यूल एच-वनमधलं औषध दिलं की डॉक्टर, रुग्ण, गोळ्या किती, सगळं वेगळ्या नोंदवहीत चढवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. अन्न व औषध प्रशासनाच्या इन्स्पेक्टरला ‘विश्वास ठेवा’ म्हणून भागत नाही.

औषध मुळात लागू पडतं की नाही, हे ज्या संशोधनावर ठरतं, त्याच्या वह्या मात्र बहुतेकदा बंदच असतात.

2021च्या एप्रिल-मेमध्ये काउंटरवर एकच मागणी होती : आयव्हरमेक्टिन. जंतांवरची आणि खरजेवरची ही गोळी कोविडवर हवी होती. एम्स आणि आयसीएमआरच्या सूचनांमध्ये ती ‘देता येईल’ या रकान्यात होती. गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी तर मेमध्ये 18 वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच दिवस ही गोळी देण्याची घोषणा केली. लोकांना मी कसा थोपवणार?

या मागणीमागे नुसती अफवा नव्हती, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूही होते. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधायचे, पारखायचे आणि त्यांची गोळाबेरीज मांडायची, असा हा आढावा. पुराव्यांच्या उतरंडीत तो सगळ्यात वर मानतात. पण आढावे करणाऱ्यांनी छापलेले निष्कर्ष तेवढे बेरजेत घेतले. रुग्णागणिक नोंदी कुणी मागितल्या नाहीत.

त्या उघडून पाहिल्या लंडनमधल्या जॅक लॉरेन्स या विद्यार्थ्यानं. इजिप्तमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा डेटा पासवर्डमागे होता आणि तो पासवर्ड निघाला 1234. आत काही रुग्ण अभ्यास सुरू होण्याआधीच मरण पावलेले, काहींच्या नोंदी एकमेकींची नक्कल. जुलै 2021मध्ये तो अभ्यास मागे घेतला गेला. लिव्हरपूल विद्यापीठाचे अँड्र्यू हिल यांच्या गटानं संशयास्पद अभ्यास वगळून पुन्हा हिशेब केला, तेव्हा जीव वाचल्याचा फायदा उरला नाही. सप्टेंबरमध्ये आपल्याकडच्या सूचनांमधूनही गोळी गेली. तोवर दुसरी लाट ओसरली होती.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 2009मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला आणि टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाचं नाव घरोघरी पोचलं. त्याच वर्षी जपानचे बालरोगतज्ज्ञ केइजी हायाशी यांनी असे आढावे करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या टॅमिफ्लूवरच्या आढाव्यावर बोट ठेवलं : ज्या दहा चाचण्यांवर या औषधाच्या फायद्याचा मोठा दावा उभा आहे, त्यांतल्या दोनच छापलेल्या आहेत, मग बाकीच्या कुणी तपासल्या? कंपनीकडून पूर्ण अहवाल मिळवून नवा आढावा यायला 2014 उजाडलं. प्रौढांचा त्रास सात दिवसांवरून 6.3 दिवसांवर येतो, इस्पितळात भरती टळते असा भक्कम पुरावा नाही, असं त्यातून निघालं. तोवर जगभरच्या सरकारांनी या गोळ्यांचे साठे करून ठेवले होते.

उपाय अवघड नाहीत. आढावा सुरू करण्याआधी काय आणि कसं शोधणार, हे जाहीर नोंदवावं. त्यासाठी ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो ही नोंदवही 2011पासून मोफत खुली आहे. कोणते अभ्यास का वगळले, आकडे कुठून घेतले, गणित कसं केलं, हे सगळं कुणालाही तपासता यावं. रुग्णांच्या खासगीपणाची काळजी रास्त आहे, पण नाव-पत्ता काढून नोंदी तपासायला देता येतात.

संशोधन वाचण्याची सोयही हवी. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या शोधनियतकालिकांच्या योजनेसाठी केंद्रानं तीन वर्षांचे 6,000 कोटी मंजूर केले, ते सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. कल्याणच्या गल्लीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्याचा उपयोग नाही. रुग्ण मात्र आधी त्याच्याच पायऱ्या चढतो.

म्हणून कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयानं विद्यार्थ्यांचे आढावे आधी नोंदवून घ्यावेत आणि त्यांचा डेटा खुला ठेवावा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी व्याख्यानाला आलेल्या वक्त्याला विचारावं : आढावा नोंदवलेला आहे का, डेटा कुठे आहे? आणि आयसीएमआरनं ठरवून टाकावं : ज्या आढाव्याच्या वह्या बंद, त्याच्या भरवशावर देशाला औषध सुचवायचं नाही.