वेगाची हौस आणि कार्टची शर्यत

आमच्या या सीमाभागात एक विसंगती नित्य दृष्टीस पडते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देताना पालकांस काही वावगे वाटत नाही. उलट पाहुण्यांपुढे त्याचे कौतुकच होते. पण तोच मुलगा, 'मला शर्यतीच्या गाडीवर बसायला शिकायचे आहे' असे म्हणाला, तर 'हे भलते खूळ कोठून शिरले?' म्हणून त्याची कानउघाडणी होते. हुमनाबादेवरून जाणाऱ्या ६५ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या कडेस सायंकाळी घटकाभर उभे राहावे; उसाच्या ट्रॅक्टरांना आणि मालट्रकांना घासून, शिरस्त्राणावाचून, तिघे-तिघे एका गाडीवर बसून चाललेल्या मुलांच्या पैजा कोणासही दिसतील. आमच्या मते धोका येथे आहे, आणि पालक मात्र भीती बाळगतात ती दुसऱ्याच गोष्टीची.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलास सार्वजनिक रस्त्यावर मोटार वा गिअरची मोटारसायकल चालविता येत नाही. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आज आहे. किल्ली देणाऱ्या किती वडिलांस हे ठाऊक असेल, याची आम्हांस शंकाच आहे.

मग वेगाची हौस असलेल्या मुलाने करावे काय? ही हौस वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. जत्रेतील बैलगाड्यांची शर्यत पाहण्यास कुंपणावर चढणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. गॅरेजातून जुन्या बेअरिंगा मागून आणून, फळीस ठोकून, उतारावरून घरंगळत जाणारी गाडी ज्याने लहानपणी केली नाही असा मुलगा आमच्या गल्लीत विरळाच. या बेअरिंगच्या गाडीची मोठी बहीण म्हणजे कार्ट. १९५६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात आर्ट इंगल्स नावाच्या एका कारागिराने नळ्यांचा सांगाडा जोडून त्यावर गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसविले. तो शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात काम करीत असे. खेळण्यासारखी दिसणारी ती गाडी पाहता पाहता जगभर पसरली, आणि १९६२ साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघास तिच्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमावे लागले. ब्राझीलच्या आयर्टन सेनाला वडिलांनी चौथ्या वर्षी दिलेल्या गाडीवरही गवत कापण्याच्या यंत्राचेच इंजिन होते. इंग्लंडच्या लुईस हॅमिल्टनने आठव्या वर्षी कार्ट धरली, आणि मुलाचा खर्च भागविण्यासाठी त्याच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या केल्या.

कार्ट दिसावयास साधी असली, तरी तिच्यात एक मोठी गंमत आहे आणि ती आमच्या विद्यार्थ्यांस चटकन समजेल. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर वेगवेगळी फिरतात. त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी, तरी काही बिघडत नाही. मोटारीत हेच काम मागच्या आसावरील दंतचक्रांची एक पेटी करते. कार्टमध्ये यांपैकी काहीच नाही. मागची दोन्ही चाके एकाच आसास घट्ट आवळलेली असतात आणि तो आसच फिरतो. मग वळणावर ही गाडी वळावी कशी? युक्ती अशी की, स्टीअरिंग फिरविताच पुढची चाके अशा कोनात झुकतात की सांगाडा किंचित पिळवटतो आणि मागचे आतल्या बाजूचे चाक क्षणभर जमिनीवरून उचलले जाते. कार्टला धक्के झेलणाऱ्या कमानी किंवा स्प्रिंगा नसतात. सांगाड्याची लवचीकता आणि चालकाच्या देहाचे वजन हीच तिची कमान. म्हणून कोणी कसे बसतो, खांदे कसे धरतो, यावर वेग ठरतो. स्टीअरिंगास हिसका देणाऱ्याची गाडी आडवी घसरते, आणि मागचा शांत मुलगा त्यास मागे टाकून निघून जातो. भूमितीच्या तासाला वर्तुळाची त्रिज्या हा शब्द ऐकून ज्यांस जांभई येते, त्यांनी एकदा वळणात बाहेरून शिरून, आतल्या कडेस स्पर्शून, पुन्हा बाहेर निघण्याचा मार्ग कागदावर आखून पाहावा. त्रिज्या मोठी तर वेग जास्त, हे त्यांस फळ्याशिवाय कळेल.

आता हौशी मुलाने आरंभ कसा करावा? पहिली गोष्ट, कार्ट विकत घेण्याचा हट्ट मुळीच धरू नये. शहरांतून भाड्याने कार्ट देणारे ट्रॅक आहेत. आम्हांस जवळचे म्हणजे हैदराबादेचे. काही शे रुपयांत दहा-बारा फेऱ्या मिळतात. पहिल्या दिवशी कोणास मागे टाकण्याच्या भरीस न पडता आपल्याच फेरीचे सेकंद मोजावेत. उजवा पाय गतीवर, डावा ब्रेकवर. ब्रेक सरळ रस्त्यावर लावावा, वळणात नव्हे. झेंडे पाठ करावेत: पिवळा दिसला की पुढे संकट आहे आणि कोणासही ओलांडावयाचे नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, तांबडा म्हणजे शर्यत थांबली, काळा म्हणजे तुम्ही बाहेर या. झेंडा न पाहणारा मुलगा कितीही वेगवान असला, तरी पंच त्यास बाहेर काढतात. बरगड्या दुखतात, मान आखडते, तळहातांस फोड येतात. तेव्हा दूरचित्रवाणीवर सोपे दिसते तितके हे सोपे नाही, हेही पहिल्याच दिवशी उमगते. भाड्याच्या गाडीवर वर्षभर सातत्य राहिले, तरच पुढे प्रशिक्षकाकडे जाण्याची गोष्ट काढावी. राष्ट्रीय स्पर्धेसाठी मोटारक्रीडा महासंघाचा परवाना लागतो, आणि वयानुसार गट पाडलेले असतात. शर्यत संपली की चालकास गाडीसह काट्यावर तोलतात. वजन ठरलेल्या मर्यादेहून कमी भरले तर निकाल बाद. म्हणून किरकोळ देहाची मुले आसनास शिशाचे तुकडे बांधून घेतात. आमच्या काटक मुलांस हे वाचून बरे वाटेल.

खर्चाविषयी मात्र आम्ही गोड बोलणार नाही. शर्यतीची कार्ट लाखांच्या घरात जाते, टायर लवकर झिजतात, आणि स्पर्धेचा हंगाम सामान्य शेतकऱ्याच्या वा शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन कोइमतूरचा. तेथे शर्यतीची परंपरा होती, गाड्या बांधणारे हात होते. मराठी मुलुखात असे गाव म्हणजे कोल्हापूर. तेथे मोहिते यांचा ट्रॅक झाला, राष्ट्रीय कार्ट स्पर्धेच्या फेऱ्या तेथे भरल्या, आणि ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखी कोल्हापूरची मुले पुढे मोठ्या शर्यतींत उतरली. ट्रॅक जवळ असला की मुले तयार होतात, यात नवल कसले! भालकी-आळंदच्या मुलास ती सोय नाही, म्हणून त्याने 'मी विजेता होईन' या स्वप्नावर घरची जमीन गहाण टाकावयास लावू नये. त्यास दुसरे दार उघडे आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे संघ स्वतः कार्ट बांधून स्पर्धेत आणतात. जोडकाम, इंजिन, ब्रेक सारे त्यांचे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन वापरून शर्यतीच्या स्वस्त मोटारी बांधल्या, तेव्हा कुठे अनेक तरुणांस शर्यत परवडली. आमच्या गॅरेजांतून कार्ब्युरेटर सोडविणारी जी मुले आहेत, त्यांस या दारातून आत जाण्यास कोणाची मनाई आहे?

मुलींविषयी निराळे लिहिण्याची गरज पडू नये, तरी पडते. बडोद्याची मीरा एर्डा नवव्या-दहाव्या वर्षी कार्ट चालवू लागली आणि मुलांच्या बरोबरीने एकाच शर्यतीत धावली. या खेळात मुलींचा वेगळा गट असलाच पाहिजे असे नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडते.

बीदरच्या विद्यार्थ्यांस वेग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९९६ साली स्थापन झालेले हवाई दलाचे 'सूर्यकिरण' पथक येथल्याच तळावर असते. पंखास पंख भिडवून जाणारी ती नऊ विमाने पाहण्यास आपण वर्ग सोडून अंगणात धावतो. त्या वैमानिकांस कोणी बेफाम म्हणत नाही. कारण एकेका वळणामागे किती सराव आहे, हे आपणांस ठाऊक आहे.

आमची सूचना लहानशी आहे. आपल्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी हैदराबादेस जाते. चारमिनार आणि प्राणिसंग्रहालय यांच्या जोडीस, पालकांच्या लेखी संमतीने, नववी-दहावीच्या इच्छुक मुलामुलींस दोन तास कार्टच्या ट्रॅकवर न्यावे. मात्र ट्रॅक शिक्षकांनी आधी जाऊन पाहावा. २०२० साली हैदराबादजवळच एका तरुणीचे केस कार्टच्या फिरत्या भागात गुंतून तिचा मृत्यू झाला. तेव्हा आस व साखळी झाकलेली आहे की नाही, शिरस्त्राणाचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो की नाही, झेंडा दाखविणारा मनुष्य जागेवर असतो की नाही, हे पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत. केस जाळीत बांधून शिरस्त्राणाखाली, ओढणी व मफलर बाहेर, पायात बंद बूट. ज्या ट्रॅकवर या गोष्टींकडे काणाडोळा होतो, तेथून बस तशीच परत फिरवावी.