गाण्यामागची ‘खरी गोष्ट’

‘तरुण आहे रात्र अजुनी’ या गाण्यामागची ‘खरी गोष्ट’ सांगणारा एक मजकूर अधूनमधून मराठी फोनांतून फिरत असतो. पाठवणाऱ्यागणिक तपशील बदलतात, गाभा तोच राहतो. लोक ज्याला शृंगारगीत समजतात ते शृंगारगीत नव्हेच, असं हा मजकूर बजावतो. लढाईत कामी आलेल्या जवानाचं पार्थिव घरी आलं आहे आणि त्याची नवपरिणीत पत्नी त्या निश्चल देहाशी बोलते आहे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, डोळे पाणावतात, आणि ‘आता हे गाणं पूर्वीसारखं ऐकता येणार नाही’ अशी पुस्ती जोडून मजकूर पुढच्या गटात रवाना होतो.

शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशा भोसले यांचा. या तिघांपैकी कुणी, कुठे आणि केव्हा ही हकिगत सांगितली, एवढं मात्र त्या मजकुरात सहसा नसतं.

गंमत अशी की गाणं या अर्थाला हरकत घेत नाही. रात्र अजून सरलेली नाही, ती जागी आहे, हाक मारते आहे आणि तो उत्तर देत नाही, एवढीच परिस्थिती भटांनी उभी केली आहे. तो दमून झोपला असेल, रुसला असेल, तिच्यावरून त्याचं मन उडालं असेल, किंवा खरोखरच कायमचा गेला असेल. कारण सांगितलेलं नाही. ज्या बाईने नवरा गमावला आहे तिला या हाकेत आपली हाक ऐकू आली तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, आणि तिचं ऐकणं इतरांपेक्षा खोटंही ठरत नाही. तिच्या ऐकण्याबद्दल तक्रार असण्याचं कारण नाही. तक्रार आहे ती ‘हाच खरा अर्थ, बाकीचे सगळे अडाणी’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गोष्टीबद्दल. खुल्या ठेवलेल्या दाराला ती बाहेरून कुलूप घालते.

शिवाय या गोष्टीत एक जुनी अढी लपलेली आहे. गाण्यातली बाई आपली इच्छा उघड बोलते. न लाजता, न घाबरता. ते ऐकून सुखावलेल्या पण मनातून जरा अवघडलेल्या श्रोत्याला ती बाई एकदा वीरपत्नी झाली की हायसं वाटतं. मग तिचं आर्जव पवित्र होतं, गाणं कुटुंबासोबत ऐकता येतं. बाईच्या इच्छेला प्रतिष्ठा मिळायला शेजारी एक मृतदेह लागावा, हे त्या गाण्यापेक्षा ऐकणाऱ्यांबद्दलच जास्त सांगतं. भटांचंच ‘मालवून टाक दीप’ लता मंगेशकरांनी गायलं. त्यातली आसक्ती काही कमी उघड नाही. पण तिथे दिवा मालवायला सांगितलेला असल्यामुळे की काय, कुणी पार्थिव शोधायला गेलं नाही.

मात्र या दंतकथेला खतपाणी घालणारी एक गोष्ट गाण्यातच आहे, ती म्हणजे चाल. हृदयनाथांनी या शब्दांना खेळकर, खट्याळ चाल दिली असती तर जवानाची गोष्ट जन्मालाच आली नसती. त्यांनी संथ, ओढ लावणारी चाल दिली. तिच्यात मीलनापेक्षा वाट पाहण्याचा सूर मोठा आहे. गाण्याचा पहिला अर्थ संगीतकार लावतो, दुसरा गायिका, आणि श्रोत्यापर्यंत शब्द पोहोचतात ते आधीच दोन हातांतून फिरून आलेले असतात. ‘कवीला काय म्हणायचं होतं’ असं विचारणारा मधल्या या दोघांना विसरलेला असतो.

भटांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ते गझलेचे माणूस. नव्याने लिहू लागलेल्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि प्रत्येक शेर ही आपल्या पायावर उभी असलेली स्वतंत्र कविता असते, हे मराठी कवींच्या गळी उतरवलं. या परंपरेत वाढलेला श्रोता मैफलीतून उठताना अख्खी गोष्ट घेऊन जात नाही, त्याच्या मनाला लागलेला एखादा शेर घेऊन जातो. एकाच रचनेतला एक शेर प्रेमात पडलेला नेतो, दुसरा शेर नोकरी गेलेला नेतो. अशा परंपरेतल्या कवीच्या गाण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असलेलं कथानक चिकटवणं जरा विनोदीच आहे.

मग कुणी काहीही अर्थ लावावा का? इथे ग्रेस यांचं उदाहरण उपयोगी पडतं. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हे गाणं कित्येक तरुणांनी प्रेमभंगाचं म्हणून ऐकलं, वहीत उतरवलं, होस्टेलच्या खोलीत रात्री लावून रडून घेतलं. पाऊस आहे, जाणारी ‘ती’ आहे, मागे राहिलेला एक जण आहे. आणखी काय हवं? पण ग्रेस यांच्या कवितेत ती कोण हे लपवलेलं नाही. ती आई आहे असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे, आणि अंगणात उभ्या असलेल्या मुलाला आपलं बालपण संपल्याची जाणीव होते, हेही. पहिल्या ओळीने श्रोत्याला असं काही धरलं की पुढच्या ओळी त्याच्या कानावरून गेल्या, मनात शिरल्या नाहीत. आपली ‘ती’ त्याने आधीच तिथे उभी केली होती.

हे ऐकणं चुकीचं आहे का? ‘ती’ कोण, या प्रश्नाला शब्द उत्तर देत असल्यामुळे, आहे. पाठ्यपुस्तकात असं उत्तर लिहिलं तर गुण मिळू नयेत. पण ती कुठे गेली, हे मात्र कविता सांगत नाही. ते जाणं म्हणजे मृत्यू, की घर सोडून जाणं, की मुलाच्या मनातून कायमचं दूर होणं? ही जागा मोकळी आहे, आणि प्रेमभंग झालेल्या मुलाने नकळत याच जागेत पाऊल टाकलेलं असतं. माणूस त्याने चुकीचा ओळखला, पण एकटं मागे उरण्याची वेदना बरोबर ओळखली. शब्द गाण्याभोवती कुंपण घालतात, ते मान्य करावंच लागतं. मात्र त्या कुंपणाच्या आत बरीच जागा असते.

नागपूरचे माणिक गोडघाटे, म्हणजे ग्रेस, यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप आयुष्यभर झाला. ‘संध्याकाळच्या कविता’ हा त्यांचा संग्रह १९६७चा. तेव्हापासून २०१२ मध्ये ते जाईपर्यंत आणि त्यानंतरही ‘कळत नाही’ ही तक्रार थांबली नाही. पण ही तक्रार वाचकांची. त्यांचं एकही पुस्तक न उघडलेली असंख्य माणसं ‘भय इथले संपत नाही’ गुणगुणतात आणि त्यांना काही अडल्यासारखं वाटत नाही. वाचताना माणूस ओळीवर थांबतो, मागे जातो, अर्थाचा हिशेब मागतो. ऐकताना चाल त्याला पुढे घेऊन जाते. न कळलेली ओळ सुरात विरघळते, कळलेली ओळ रुतून बसते, आणि गाणं संपेपर्यंत श्रोत्याच्या हाती त्याची स्वतःची एक कविता आलेली असते. मराठीतला सर्वांत अवघड म्हणून गणला गेलेला कवी गाण्यातून इतक्या घरांत पोहोचला, याची नोंद समीक्षेने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

लता मंगेशकरांच्या आवाजातलं ‘भय इथले संपत नाही’ अनेकांच्या कानी प्रथम पडलं ते दूरदर्शनवरच्या ‘महाश्वेता’ मालिकेचं शीर्षकगीत म्हणून. मालिकेची नायिका अंगावर पांढरे डाग उमटल्यावर सासरच्यांनी दूर लोटलेली. त्या काळात गाण्यातलं भय तिचं झालं. मालिका संपली, भय मोकळं झालं. आता ते कुणाला आजारपणात भेटतं, कुणाला परदेशातल्या लवकर अंधारणाऱ्या संध्याकाळी, कुणाला आईवडिलांच्या माघारी रिकाम्या झालेल्या घरात. कवितेत संध्याकाळी गाणारा कुणी एक आहे आणि ती गाणी त्याला शिकवणारं दुसरं कुणी आहे. शिकवणारं ते माणूस कोण? आई, गुरू, प्रेयसी, देव, यांपैकी कुणालाही तिथे बसवलं तरी ओळी कुरकुर करत नाहीत. आधीच्या उदाहरणापेक्षा हे वेगळं आहे. इथे कवीने खरोखरच नाव घातलेलं नाही.

असं ऐकण्याची सवय मराठी कानाला नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणींत बोलणारी स्त्री आहे आणि बोलणारा संतही आहे. दोघांना वेगळं काढायला गेलं तर रचनाच उसवते. ‘पैल तो गे काऊ’मधला कावळा पाहुणा येणार म्हणून शकुन सांगतो. पाहुणा म्हणजे पंढरीचा राणा, हे कीर्तनाला बसलेल्याला ठाऊक असतं. पण याच मुलखात कावळा पिंडालाही शिवतो. घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल तर त्या कावळ्याकडून श्रोत्याला वेगळंच काही विचारावंसं वाटतं, आणि रचना तेही सोसते. ‘मोगरा फुलला’ लग्नाच्या मांडवात वाजतं. त्या वेलाची फुलं शेवटी विठ्ठलाला वाहिली आहेत याचं वऱ्हाडाला भान असो-नसो, कुणाचं काही बिघडत नाही. एकनाथांनी भारुडात वेगळी तऱ्हा वापरली. ‘विंचू चावला’ म्हणत आधी हसवायचं, नाचवायचं, आणि मग हा विंचू म्हणजे काम-क्रोध, अशी किल्ली हातात द्यायची. किल्ली दिली तरी लोकांना आठवतो तो विंचूच. शाहीर साबळ्यांच्या आवाजात तो अजून चावतो आहे.

शांता शेळके यांच्या ‘जिवलगा राहिले दूर घर माझे’मध्ये हा जुना धागा भावगीताच्या वस्त्रात विणलेला दिसतो. चालून थकलेली, ओझ्याने वाकलेली, अंधारात सापडलेली एक स्त्री जिवलगाला हाक मारते. सुरुवातीला तो प्रियकर वाटतो, आणि शेवटाकडे येता येता अनाथांचा नाथ होतो. मैफलीत ते विरहगीत म्हणून ऐकलं जातं, शोकसभेत ते कुणाला तरी निरोप देतं. आशाबाईंनी गायलेलं गाणं तेच असतं, समोरची माणसं बदललेली असतात.

कवींना विचारून काही निष्पन्न होतं असंही नाही. अमेरिकेत डॉन मॅक्लीन यांचं ‘अमेरिकन पाय’ १९७१ मध्ये आलं आणि त्यातला विदूषक कोण, राजा कोण यावर लोकांनी पिढ्यानपिढ्या वाद घातले. अर्थ काय असं विचारलं की मॅक्लीन गमतीने सांगत, या गाण्याचा अर्थ असा की मला पुन्हा कधी पोटासाठी काम करावं लागणार नाही. मराठी कवींना अशा उत्तराची चैन परवडलेली नाही, पण बहुतेक शहाण्यांनी अर्थ सांगणं टाळलं, हे बरंच झालं. एकदा कवीनेच शिक्का मारला की श्रोता आपलं ऐकणं लाजून गुंडाळून ठेवतो.

सगळ्यांत जास्त हात लागले ते मात्र भटांच्याच एका गाण्याला. ‘उषःकाल होता होता’ जब्बार पटेल यांच्या ‘सिंहासन’ या १९७९ सालच्या चित्रपटात आलं. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा हा चित्रपट सत्तेच्या दलालीवरचा; आणीबाणी उठून फार दिवस लोटले नव्हते. पहाट होणार असं वाटत असतानाच काळोख पसरला, ही त्यातली निराशा त्या वेळी नेमकी कोणत्या पहाटेबद्दल आहे हे लोकांना सांगावं लागत नव्हतं. काहींना ती १९४७ची पहाट वाटली, काहींना १९७७ची. भटांनी साल घातलं नाही. परिणाम असा की हे गाणं नेहमी विरोधात बसलेल्याचं असतं. काल सत्तेत असलेला आज पडला की व्यासपीठावरून त्याला त्याच ओळी सुचतात, आणि ज्याच्या विरोधात त्या म्हटल्या जातात त्याने पाच वर्षांपूर्वी त्याच म्हटलेल्या असू शकतात. दोघेही मनापासून म्हणतात, हे विशेष. वैयक्तिक दुःखाच्या गाण्यात श्रोता आपलं माणूस बसवतो, तसा इथे तो आपला पराभव बसवतो.

या गाण्यात पुन्हा मशाली पेटवण्याची हाक आहे. भट २००३ मध्ये गेले. २०२२च्या ऑक्टोबरात निवडणूक आयोगाने उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला मशाल हे चिन्ह दिलं, आणि चित्रपटासाठी चाल लागलेल्या एका गीतातली मशाल काही कानांना एका पक्षाची वाटू लागली. उद्या एखाद्या सरकारी कार्यक्रमाच्या निवेदकाला हे गाणं घ्यावं की गाळावं असा प्रश्न पडला, तर आशाबाईंचा आवाज, हृदयनाथांची चाल आणि भटांचे शब्द यांपैकी काहीच त्याच्या कामाला येणार नाही. त्याला आधी पहिल्या रांगेत कोण बसलं आहे ते पाहावं लागेल.