लेझर सांगतं दात किडलाय, पण लगेच ड्रिल करायचं का?

दात ठणकायला लागतो तोवर कीड बरीच आत पोहोचलेली असते. म्हणूनच काही दवाखान्यांत पेनासारखं लेझर यंत्र दातावर फिरवून तपासणी होते. जर्मनीच्या काव्हो कंपनीने १९९८ मध्ये आणलेलं ‘डायग्नोडेंट’ हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. त्यातून ६५५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दातावर पडतो. निरोगी दात फारसा चमकत नाही. किडलेल्या भागात जिवाणूंनी तयार केलेली पॉर्फिरिन्स मात्र चमकतात. ती चमक मोजून यंत्र ० ते ९९ मधला आकडा दाखवतं. दुखत नाही, एक्स-रेसारखं रेडिएशनही नाही.

गोची पुढे आहे. दातावरचे डाग, कीटण, अगदी राहून गेलेली टूथपेस्टसुद्धा हा आकडा वाढवू शकते. म्हणजे कीड नसतानाही ‘आहे’ असं उत्तर येऊ शकतं. आणि तेवढ्यावर ड्रिल चालवलं, तर गेलेलं इनॅमल परत येत नाही. खरं तर कीड पांढऱ्या डागाच्या टप्प्यावर असेल, खड्डा पडला नसेल, तर ती फ्लोराइडने थांबवता येते. लवकर निदानाचा फायदा तोच!

त्यामुळे फक्त आकडा दाखवून फिलिंग सुचवलं गेलं, तर दात स्वच्छ करून, वाळवून पुन्हा तपासला का, हे जरूर विचारा. दोन दातांच्या फटीतली कीड शोधायला एक्स-रे अजूनही लागतोच.