अंगणात एक बहावा असू द्या



शाळेच्या फाटकाजवळच्या बहाव्याविरुद्ध यंदा कार्यालयात तीन अर्ज आले. एकात लिहिले आहे की शेंगा स्कूटरवर पडतात. दुसऱ्यात, पाने झडून कचरा होतो. तिसरा अर्ज एप्रिलमधला आहे. त्यात 'झाड वाळून गेले आहे, तरी ते काढून तेथे पेव्हर ब्लॉक बसवावेत व शोभेच्या पामच्या कुंड्या ठेवाव्यात' अशी सूचना आहे. अर्ज करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, शाळा नीटनेटकी दिसावी एवढेच त्यांना हवे आहे. तिन्ही अर्ज विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठेवण्यात येतील. त्याआधी आमचे मत येथे मांडतो, कारण प्रश्न फाटकातल्या एका झाडापुरता नाही. आपल्या इंदुरात घरासमोर कोणते झाड असावे, किंबहुना झाड असावे की नाही, असा तो आहे.

प्रथम नावाविषयी. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे पुस्तकात आम्हाला भेटला तो 'अमलतास'. 'बहावा' हा शब्द घरात, आजीच्या तोंडून ऐकलेला. आज मुलांना विचारले तर निम्मी अमलतास म्हणतात, काही गोल्डन शॉवर म्हणतात, बहावा क्वचितच कोणी म्हणतो. आयुर्वेदात याला आरग्वध म्हणतात, गुजरातीत गरमाळो. केरळात हेच कणिकोन्ना, तेथील राज्यपुष्प, आणि विषूच्या पहाटे देवापुढे याच फुलांचे घोस मांडतात. आपल्याच मातीतले हे झाड आहे, ते कोठून आणून लावलेले नाही. गुलमोहोर मात्र मादागास्करहून आलेला पाहुणा. दिसतो सुंदर, पण त्याची मुळे वरच्यावर पसरतात, फरशी उचलतात, आणि पहिल्या वादळात त्याच्या फांद्या मोडून रस्त्यावर येतात.

आता पाण्याचे पाहू. पावलोपावली पाणी अशी माळव्याची एके काळी ख्याती होती. आज आपल्या नळाला येणारे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून, पंपांनी विंध्याचा घाट चढवून आणलेले असते. १९७८ साली ते प्रथम शहरात आले तेव्हा मोठा आनंद झाला होता. अजूनही बहुतेक मोहल्ल्यांत ते एक दिवसाआडच येते, आणि मे महिन्यात बोअरिंग आटले की टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने ज्या झाडाला आपण पाणी देऊ शकत नाही, ते झाड लावण्यात काय अर्थ?

विद्यार्थ्यांनी एक हिशोब करून पाहावा. दहा फूट बाय दहा फूट हिरवळीला मे महिन्यात रोज दोन-तीन बादल्या पाणी लागते. बहाव्याच्या रोपाला पहिल्या उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी एक बादली पुरते. म्हणजे मार्चपासून पाऊस येईपर्यंत पंचवीस ते तीस बादल्या. जेवढे पाणी ती हिरवळ दहा-बारा दिवसांत पिऊन टाकते, तेवढ्यात या झाडाचा अख्खा उन्हाळा निघतो. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एक-दोनदा आठवण ठेवावी, नंतर तीही गरज नाही. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेले पाणी चालते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र सतत घालू नये, त्यात क्षार फार असतात. गावी जायचे असेल तर जुनी युक्ती करावी. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घालावी आणि मडके रोपाशेजारी पुरून भरून ठेवावे.

तिसऱ्या अर्जाचे उत्तर याच हिशोबात आहे. एप्रिलमध्ये बहावा वाळत नाही, तो काटकसर करतो. पानांतून पाणी उडून जाते, म्हणून उन्हाळा तापण्यापूर्वी तो पाने उतरवून ठेवतो. मूळ खोल गेलेले असते, खोडात साठा असतो, आणि त्या साठ्यावरच तो मे महिन्याच्या उन्हात हातभर लांबीचे पिवळे घोस लोंबत सोडतो. ज्या दिवसांत कूलरसमोरून उठवत नाही त्याच दिवसांत. दुर्दैवाने तेव्हा शाळेला सुटी असते आणि मुलांच्या वाट्याला येतो तो जूनमधला उरलासुरला बहर. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असे जुने लोक म्हणतात. आम्ही त्यावर फार विसंबत नाही, फुलण्याचा काळच तसा आहे.

१४ जुलै २०२४ रोजी इंदुरात रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लावली गेली आणि विक्रम झाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण रोप लावणे हे एका दिवसाचे काम आणि जगवणे दोन उन्हाळ्यांचे. विक्रम पहिल्याचा होतो, दुसऱ्याचा होत नाही. लाखो रोपांना एकेक बादली कोण घालणार हा प्रश्न कठीण आहे. एका घराला एका रोपाला बादली घालणे कठीण नाही, म्हणून आमचा भर घरच्या अंगणावर आहे.

लावताना आपल्या काळ्या मातीचा विचार करावा लागतो. ती पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. बहाव्याला कोरडे चालते, मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. म्हणून दोन-अडीच फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा मे महिन्यात खणून तापू द्यावा. भरताना काढलेल्या मातीत मुरूम व शेणखत मिसळावे आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंचावर बसवावे. भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर असावे, वर विजेच्या तारा नसाव्यात. पूर्ण ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत झाड जगते, पण फुलत नाही.

नर्सरीत गेल्यावर माणसाला उंच रोप घ्यावेसे वाटते. ते टाळावे. पिशवीत दोन-तीन वर्षे राहिलेल्या रोपाचे मुख्य मूळ आत गोल गोल गुंडाळलेले असते, आणि मूळ खोल गेले नाही तर दुष्काळ सोसण्याची सारी ताकदच गेली. हात-दीड हात उंचीचे ताजे रोप पुढे जाते.

बियांपासून रोप करणे मुलांना सहज जमते. पिकून काळी झालेली शेंग फोडली की आत नाण्यांची चळत लावावी तसे पडदे असतात आणि प्रत्येक खणात एक चपटे तपकिरी बी. कवच इतके कडक की नुसते पेरले तर बी महिनोन् महिने तसेच पडून राहते. रानात अस्वले आणि माकडे गर खातात, बी त्यांच्या पोटातून जाऊन पुढे कोठेतरी रुजते. आपल्याकडे अस्वल नाही, तेव्हा बी एका कडेला पॉलिश पेपरवर थोडे घासावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी जे फुगले असेल ते खोल पिशवीत बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोलीवर पेरावे. शेंगेचा गर रेचक आहे, तो मुलांनी चाखू नये, एवढी सूचना कृपया घरी द्यावी.

बियांपासून वाढलेल्या बहाव्याला फूल यायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. पहिलीतल्या मुलाने आज लावला तर तो सातवी-आठवीत जाईल तेव्हा फुलेल. घाई असलेल्यांसाठी हे झाड नाही. मध्यंतरी गुजरातेत झटपट हिरवाई म्हणून रस्तोरस्ती, सोसायट्यांत कोनोकार्पस लावले गेले. २०२३ मध्ये तेथील वन विभागाने त्याच्या लागवडीला मनाई केली.

राहिला कचरा. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग सात वेळा आपले शहर पहिले आले, आणि मुलांना रॅपर खिशात ठेवण्याची सवय लागली, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याबरोबर एक विचित्र समजही पसरला आहे की जमिनीवर पडलेले पान म्हणजे घाण. प्लास्टिकची पिशवी आणि झाडाचे पान एकाच पंक्तीत बसवू नये. पाने झाडाच्या आळ्यात पसरून ठेवली तर ओल टिकते, किंवा कोपऱ्यात ढीग करून त्यावर शेणाचे पाणी शिंपडले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत खत होते. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. औषध फवारू नये, त्यांचीच फिकट पिवळी फुलपाखरे होतात, आणि झाडाला पुन्हा पालवी येते. शेंगांविषयीची तक्रार आम्हाला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणून स्कूटरची जागा दहा पावले पलीकडे नेता येईल, आणि विश्वस्त मंडळाला आमची तशी विनंती आहे. पेव्हर ब्लॉकविषयीही एक बोलतो. झाडाच्या खोडापर्यंत ब्लॉक बसवले की पावसाचे पाणी मुळाशी न जाता गटारात जाते, आणि मग त्याच मुळासाठी आपण टँकर मागवतो.

वीस बाय पन्नासच्या प्लॉटवर कंपाउंडपर्यंत बांधकाम झालेल्या पालकांना हे सारे वाचून वाटेल की झाड लावायचे कोठे. त्यांची अडचण खरी आहे. बहावा पूर्ण वाढला की तीस-चाळीस फूट उंच होतो, कुंडीत तो होणार नाही. अशांनी शेजारची तीन-चार घरे मिळून गल्लीच्या तोंडाशी किंवा कॉलनीच्या बगीच्यात एक लावावा आणि पाण्याचे वार वाटून घ्यावेत. आपण गणपतीची वर्गणी एकत्र करतोच.

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर शाळेतून रोपे देण्यात येतील. रोपे मोजकी आहेत आणि ती सातवीच्या मुलांनी याच झाडाच्या शेंगांपासून केलेली आहेत. ज्यांना हवे त्यांनी कार्यालयातल्या वहीत नाव, जागा आणि उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे नाव लिहावे. तिसरा रकाना कोरा असेल तर रोप मिळणार नाही. पुढच्या वर्षी जून महिन्यात ती वही घेऊन आम्ही विचारणा करू. रोप गेले असेल तर तसे सांगावे, दुसरे देऊ.