नवी की वापरलेली? आधी चिखलाचे दिवस मोजा



मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न फिरून फिरून आला. "सर, धंद्यासाठी छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. रोडवर चांगली दिसली पाहिजे अन् शेतात पण गेली पाहिजे. नवी घेऊ का जुनी?" एका भावाने तर आधी बुकिंगची पावती पाठवली आणि मग सल्ला विचारला. दहा मिनिटांच्या व्हिडिओत हे मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा सुरू करून तीन वर्षं झाली नसतील आणि गाडीतून थेट कमाई होत नसेल, तर नवी एसयूव्ही घेऊ नका. गरज असेल तर मजबूत चेसिसची, नीट तपासलेली वापरलेली गाडी घ्या. फोर बाय फोर तर त्यानेच घ्यावी, ज्याने आपले चिखलाचे दिवस मोजले आहेत. का ते ऐका, कारण हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, खिशातून भरलेलं आहे.

माझी चूक

चांदूर बाजारला माझं मोटरपंप आणि इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. शेतकऱ्याची मोटर जळाली, स्टार्टर उडाला, की शिवारात जावं लागतं. बीबीए झालेला माणूस, डोक्यात 'ब्रँड इमेज' भरलेली. वाटलं, मोटरसायकलवर पाने-पक्कड घेऊन जाणारा मिस्त्री वाटतो, गाडीतून उतरणारा मालक वाटतो. दसऱ्याला नवी कोरी छोटी एसयूव्ही आणली. डाउन पेमेंटला दोन लाख कमी पडत होते, ते दुकानाच्या खेळत्या भांडवलातून उचलले. बाबा काही बोलले नाहीत. पेढा घेतला आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

पंधरा दिवसांनी रब्बीचं पाणी सुरू झालं. आमच्या धंद्याचा खरा सीझन हाच. पाच आणि साडेसात एचपीच्या मोटरींना मागणी आली आणि माझ्याकडे माल नव्हता. होलसेलवाल्याची आधीची बाकी होती, त्याने हात आखडता घेतला. दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक समोरच्या लाईनमधल्या दुकानातून मोटर घेऊन गेलं, माझ्याच गाडीच्या बाजूने. त्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, "गाडी उभी हाय बापू, पण दुकान बसलं ना."

पुढच्या पावसाळ्यात ती गाडी एका पांदणीत पोटावर टेकली. ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाला काका हसत म्हणाला, "काहून आणता बाप्पा असली गाडी वावरात? हे तं लग्नाले न्याची हाय." दोन वर्षांत ती विकली. तोटा किती झाला ते सांगत नाही, पण त्या पैशात दुकानाचं मागचं गोडाऊन झालं असतं.

'एसयूव्ही' हा शब्द आणि चिखल

आज बाजारात चार मीटरच्या आतल्या ज्या बहुतेक एसयूव्ही दिसतात, त्यांच्या पुढच्या दोनच चाकांना ताकद जाते. उंची कारपेक्षा बरी, बसायला मस्त, डांबरी रोडवर झकास. पण काळ्या मातीत ती एक उंच कारच असते. यात कंपनीची फसवणूक नाही, आपणच दिसण्यावर जातो.

खरी ऑफ-रोड ताकद चार गोष्टींत असते: जमिनीपासूनची उंची, शिडीसारखी वेगळी चेसिस, चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर आणि तिचा लो-रेंज गिअर, आणि घसरणारं चाक रिकामं फिरू न देणारं डिफरन्शियल लॉक. त्यातलं तुम्हाला किती लागतं, तेवढ्याचेच पैसे द्या.

मारुती जिम्नी २०२३ मध्ये आली. फोर बाय फोर आणि लो-रेंज तिच्या सगळ्या मॉडेलमध्ये आहे, उंची २१० मिमी, वजनाला हलकी. चिखलात हलकेपणा फार कामाचा. पण पेट्रोल आहे, माणसं चारच, आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची. एक मोटर आणि पाइपचं बंडल ठेवलं की संपली. थारचं नवं मॉडेल २०२० मध्ये आलं. ती दणकट आहे, पण २०२३ पासून तिचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही मिळतं. दिसायला दोन्ही सारख्या. वापरलेली थार घेताना फोर बाय फोरचा गिअर डोळ्यांनी बघा, नावावर जाऊ नका. बोलेरो २००० सालापासून आपल्या रस्त्यांवर आहे. आजची बोलेरो फोर बाय फोर नाही, पण चेसिस वेगळी, मागच्या चाकांना ताकद आणि मागे पाट्यांचे स्प्रिंग. बोलेरो निओच्या एका वरच्या मॉडेलला मागे डिफरन्शियल लॉकही येतं. जुन्या बाजारात डस्टरची एडब्ल्यूडीही दिसते. गाडी चांगली, पण तिला लो-रेंज नाही आणि ती जुनी डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. स्पेअर परतवाड्यात मिळतील का, अमरावतीहून मागवावे लागतील का, हे आधी विचारा.

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं एकदम घसरणार. रोडचे टायर लावलेल्या फोर बाय फोरपेक्षा ऑल-टेरेन टायर लावलेली साधी गाडी आणि वाट ओळखणारा ड्रायव्हर कितीतरी वेळा पुढे निघून जातो.

डायरी काढा

गाडी विकल्यावर मी एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. वर्षभर डायरी ठेवली. कोणत्या तारखेला, कोणत्या शिवारात, रस्ता कसा. जून ते सप्टेंबर शेतातले कॉल आले २६. त्यातल्या ११ वेळा पांदणीत चिखल होता. वर्षभरात ११ दिवस!

कारण सोपं आहे. पाऊस असतो तेव्हा मोटरी बंद असतात. मोटरी जळतात रब्बीत आणि उन्हाळ्यात, तेव्हा पांदण कोरडी असते. खड्डे असतात, धूळ असते, चाकोऱ्या असतात, पण चिखल नसतो. म्हणजे मला फोर बाय फोर नको होती. उंच, दणकट, गावातल्या मिस्त्रीला खोलता येणारी गाडी हवी होती. त्या ११ दिवसांसाठी डांबरी रोडवर गाडी लावायची आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून जायचं. लाज कसली?

तुमचा हिशेब वेगळा निघेल. आंबिया बहाराचा संत्रा तुटतो तो बहुतेक पावसाळा सरल्यावर. पण बाग आधीच बघून सौदा करणारा व्यापारी भर पावसात घाटलाडकी, शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडीच्या बागांत फिरतो. दूध गोळा करणाऱ्याला तर पाऊस असो नसो, रोज जायचंच आहे. चिखलदरा, सेमाडोह, धारणीकडे नियमित कामं असणाऱ्याची गरज आणखी निराळी. वर्षात ४० च्या वर चिखलाचे दिवस निघाले आणि त्या दिवशी न पोचल्याने पैसा बुडत असेल, तर खुशाल फोर बाय फोर घ्या. हा ४० चा आकडा माझा अंदाज आहे, नियम नाही. पण मोजल्याशिवाय घेऊ नका.

आता कागदावर या

समजा नव्या गाडीला १० लाखांचं कर्ज घेतलं, व्याज ९.५ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण २१,००० रुपये, एकूण भरणा १२ लाख ६० हजार. शोरूमवाला म्हणेल, "सात वर्षं करा ना, हप्ता १६,३५० वर येतो." बरोबर, पण भरणा जातो १३ लाख ७३ हजारांवर. हप्ता कमी झाला, गाडी सुमारे एक लाख तेरा हजारांनी महाग झाली.

वापरलेल्या गाडीला ४ लाखांचं कर्ज, व्याज जास्त, समजा १३ टक्के. तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे १३,५००, एकूण ४ लाख ८५ हजार. व्याजाचा दर जास्त असूनही खिशातून जाणारा पैसा निम्म्याहून खूप कमी. उरलेल्या साडेसात हजारांत दर महिन्याला माल भरा, तो माल वर्षातून चार-पाच वेळा फिरतो. गाडी फिरते तेव्हा पैसा खाते, माल फिरतो तेव्हा पैसा देतो.

"पण सर, टॅक्समध्ये फायदा होतो ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नीट ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. म्हणून बोलेरो १८ मध्ये बसते आणि जिम्नी लहान दिसत असली तरी तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्याने ४० मध्ये जाते. पण प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट साध्या दुकानदाराला मिळत नाही. मालवाहू गाडीवर मिळतं. बहिरमच्या यात्रेत दुकान लावणारे, भांडीवाले, फर्निचरवाले, तुम्हाला एसयूव्ही नाही, पिकअप लागतो. आणि आयकरातला घसारा? आपल्यातले बरेच जण अनुमानित पद्धतीने रिटर्न भरतात. त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. तेव्हा "टॅक्स वाचेल" म्हणून गाडी घेणाऱ्याने आधी आपल्या सीएला फोन करावा.

अजून एक. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने भाड्याची सवारी करू नका. चिखलदऱ्याला होमस्टे काढणारे माझे काही विद्यार्थी पाहुणे ने-आण करून दोन पैसे कमवायचं ठरवतात. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

वापरलेली घेताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सीटखालचे लोखंडी रूळ आणि कार्पेट उचलून बघा, गंज आणि कुबट वास म्हणजे पाण्यात बुडालेली गाडी. खाली वाकून चेसिसवर नवं वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग आहे का पाहा. फोर बाय फोर असेल तर मोकळ्या मातीत लो-रेंज टाकून स्वतः चालवा. बरेच मालक तो गिअर कधी वापरतच नाहीत आणि तो जाम झालेला असतो. कोरड्या डांबरावर मात्र तो लावू नका, तिथे चाकं घसरायला जागा नसते आणि गिअरवर ताण येतो. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

२०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर लक्षात ठेवा, तिचा धुराचा फिल्टर लांब पल्ल्यावर साफ होतो. रोज दुकान ते घर दोन किलोमीटर चालवणाऱ्याने डिझेलच्या नादी लागू नये.

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर धरून हिशेब करा. बहुतेक वेळा स्वस्ताई आरटीओच्या दारातच संपते.

कागदांत फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. चलन बाकी आहेत का ते ऑनलाइन बघा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आरसी नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा, सौदा कितीही ओळखीतला असू द्या.

दुसरी बाजू

नवी गाडी घेणारा मूर्ख असतो असं मी म्हणत नाही. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या वर फिरणं असेल, तीन वर्षांचा हिशेब स्थिर असेल, गॅरेजमध्ये घालवायला वेळ नसेल, तर वॉरंटीची किंमत आहे. जुन्या गाडीत दुसऱ्याचं दुखणं विकत घेण्याची भीती असतेच. माझ्या वापरलेल्या बोलेरोने पहिल्याच वर्षी क्लच मागितला. फरक एवढाच की तो खर्च एकदाच आला. नव्या गाडीचा हप्ता साठ वेळा येतो, आणि दुष्काळ पडला, गारपिटीने संत्रा गळाला, गिऱ्हाईकाची उधारी थकली, तरी तो पाच तारखेला येतोच.

आज एवढंच करा. शोरूमला जाऊ नका. एक वही घ्या आणि पुढचे तीन महिने लिहा: कुठे गेलो, किती किलोमीटर, रस्ता कसा होता, न गेल्याने किती बुडाले. ती वही भरली की कोणती गाडी घ्यायची ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

आमच्या दुकानासमोर आता ती जुनी बोलेरो उभी असते. दाराला ओरखडे आहेत, मागे मोटरीचे डाग पडलेत. पण मागच्या रब्बीत दुकानात माल होता, आणि ते जुनं गिऱ्हाईक परत आलं.