जुन्या खिडकीला आतून काच

इंग्लंडमधल्या बाथ शहरातली जॉर्जियन घरं देखणी खरी, पण थंडीत त्यांच्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून गार वारा घुसतो. संरक्षित घराची खिडकी परवानगीविना बदलणं तिथे फौजदारी गुन्हा. मग मूळ चौकट तशीच ठेवून आतून दुसरी काच बसवतात. ऊब राखायला मध्ये साधारण २० मिलिमीटर अंतर पुरतं. रस्त्याचा गोंगाट अडवायचा तर १०० तरी हवं. आतली काच घट्ट बसवावी, बाहेरची थोडी सैल. नाहीतर मध्ये दव साचून लाकूड कुजतं. आणि फुंकून घडवलेल्या त्या जुन्या काचेतून समोरचं झाड जरा लहरतं, ते नव्या काचेत कुठून येणार? आमचं मत स्पष्ट आहे: जुनी खिडकी काढू नका, दुरुस्त करा.