मोळी उतरवल्यावर
(द्वितीय वर्ष कला शाखेतील एका विद्यार्थिनीकडून)

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची मावसबहीण आमच्याकडे चार दिवस राहून गेली. ती नोकरी करते. रात्रीचे दहा वाजले तरी तिचा फोन वाजत होता. बोलता बोलता तिने सांगितले की, मनाचा ताण घालवण्यासाठी ती हल्ली पैसे भरून जंगलात जाते. बरोबर एक मार्गदर्शक असतो. तो सावकाश चालायला सांगतो, पानांचा वास घ्यायला सांगतो, गप्प बसायला सांगतो. माझी माय चुलीपुढे बसून हे सारे ऐकत होती. तिने विचारले, "मंग ते पैसा कोन लेस? झाडे?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण त्या हसण्याची मला नंतर थोडी लाज वाटली. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मागच्या वर्षी परीक्षेआधी तीन आठवडे मला झोप नव्हती. पुस्तक उघडले की अक्षरे दिसत, पण अर्थ लागत नसे. तळहात घामेजत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अंतर्गत गुण म्हणजे काय, विषय राहिला तर पुढे काय होते, हे घरात विचारायचे कुणाला? वडिलांच्या दृष्टीने मी पुस्तक घेऊन बसले आहे म्हणजे सारे ठीक आहे. दवाखान्यात शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. 'ताण' हा शब्द आमच्या घरात दोरीला आणि तारेला वापरतात, माणसाला नाही. शिवाय जी माय दिवसभर कांद्याच्या वावरात वाकून येते तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की सावलीत बसून मी थकले?

एका सकाळी ती सरपणाला निघाली आणि मी उगाच तिच्याबरोबर गेले. फाल्गुन होता. चित्रांतले जंगल नेहमी हिरवे असते. आपल्याकडचे तेव्हा तसे नसते. साग उघडा पडलेला, वाळक्या पानांचा पायाखाली एवढा आवाज की बोलणे ऐकू येऊ नये, आणि मध्येच एखादा पळस लालभडक. मोह नुकता गळू लागला होता, त्याचा तो गोड, जडसर वास. मी दोन-चार काटक्या वेचल्या असतील. मायने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "तू आठे बस, भारा मी बांधस." मी बसले. किती वेळ, ते आठवत नाही. त्या रात्री मला झोप लागली.

हा योगायोग असेल असे वाटून मी यंदा ग्रंथालयात आणि मोबाइलवर थोडे वाचले. जपानच्या वनखात्याने १९८२ साली 'शिनरिन-योकू' असा शब्द काढला. शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली. जंगलात शांतपणे चालल्यावर नाडीचे ठोके, रक्तदाब आणि ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल हे द्रव्य कमी झालेले त्यांना आढळले. आपल्या देशातही उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ साली राणीखेतजवळ कालिका येथे असे वनोपचार केंद्र उघडले आहे. तेव्हा ही निव्वळ शहरी थेरे आहेत असे म्हणणे बरोबर नाही.

पण वाचताना एके ठिकाणी मी थांबले. डॉ. चिंग ली यांचा २००५ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. तीन दिवस जंगलात राहून आल्यावर माणसांच्या रक्तातील रोगाशी झुंजणाऱ्या पेशींचे बळ वाढले, असे त्यात दिसले. ही माणसे होती बारा. सगळे पुरुष, वय ३७ ते ५५, टोकियोतील मोठ्या कंपन्यांत नोकरीला. त्यांत डोक्यावर मोळी असलेले कुणी नव्हते. माझी माय गेली वीस वर्षे जंगलात जाते, आणि दर वेळी थकून येते. त्या दिवशी झाडे तीच होती, वाटही तीच. मी बसले होते आणि ती वाकली होती, एवढाच फरक. मला जो आराम मिळाला तो झाडांनी दिला हे खरे, पण त्यातला अर्धा मायने माझ्या वाट्याची मोळी उचलून दिला. वनोपचाराच्या लेखांत मला हा हिशेब कुठे दिसला नाही.

दुसरा हिशेब जंगल राखणाऱ्यांचा. आपल्याच साक्री तालुक्यातले बारीपाडा घ्या. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तिथले डोंगर बोडके झाले होते, पाण्यासाठी बायकांना वणवण करावी लागे. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार गावातच राहिले, आणि गावाने मिळून नियम केले. कुऱ्हाड थांबवली, चर खणले, बांध घातले. आज सुमारे ११०० एकर जंगल गाव सांभाळते. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण सर्वांनी पेढे खाल्ले. पण २००४ पासून तिथे दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते, हे आपल्या वर्गातल्या किती जणांना ठाऊक आहे? कुठला कोंब केव्हा खुडायचा, कुठले पान शिजवून पहिले पाणी ओतून द्यायचे, हे तिथल्या बायका जाणतात. उद्या आपल्या भागात कुणी वनोपचार केंद्र काढलेच, तर मार्गदर्शक म्हणून प्रमाणपत्रवाला शहरातून येईल आणि या बायका त्याच्या पाहुण्यांची भांडी घासतील, अशी मला धास्ती आहे. मार्गदर्शक त्याच असाव्यात, आणि फीही त्यांनाच मिळावी. मायच्या प्रश्नाचे उत्तर मग सोपे होईल.

आपल्या कॉलेजची सहल दरवर्षी निघते. बसमध्ये गाणी, अलालदरीला फोटो, संध्याकाळी परत. त्याला माझी ना नाही. पण परीक्षेआधीचा एखादा रविवार असा ठेवता येणार नाही का, की गाणी नाहीत, फोटो नाहीत, नुसते जाऊन झाडाखाली बसायचे? आणि झोप उडालेल्या मुलामुलींना निदान एका प्राध्यापकाकडे तसे सांगता येईल, अशी सोय व्हावी. गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर यायची बंद झाली. अभ्यास जमत नसेल, असे आम्ही सगळे म्हणालो. मी तिच्या घरी गेले नाही. तेव्हा मी स्वतःच जागी होते.

यंदा फाल्गुनात मायबरोबर पुन्हा जायचे ठरवले आहे. तिला म्हटले, या खेपेला भारा मी बांधते, तू बस. ती म्हणाली, तुला बांधता येत नाही, वाटेत सुटेल. आता अंगणात तुऱ्हाट्या घेऊन गाठ शिकते आहे.